स्पीकर लावला की पाण्याची धार नागमोडी होते, हे खरं आहे का? आवाजाने धारेवर खरंच परिणाम होतो का?

हे दाखवणारं एक रील मीपण बघितलंय, स्पीकरला पाण्याचा पाइप चिकटवलाय आणि धार हवेत नागमोडी होऊन थिजल्यासारखी दिसते. त्यातलं अर्धं खरं, अर्धी कॅमेऱ्याची करामत. २४ हर्ट्झचा आवाज लावला की पाइपचं तोंड सेकंदाला २४ वेळा हलतं, त्यामुळे धार खरोखर नागमोडी होते, पण थिजत बिजत काही नाही, कॅमेरापण सेकंदाला २४च फ्रेम घेतो म्हणून दरवेळी लाट जागच्या जागी दिसते. २३ हर्ट्झ ठेवा, पाणी उलटं पाइपात चढताना दिसेल. समोर उभं राहून बघितलं तर नुसता गिचमिड फवारा.

पण कॅमेऱ्याशिवायही आवाजाचा परिणाम होतो, आणि माझ्या मते तोच जास्त भारी आहे. नळ बारीक सोडला की धार वरती काचेसारखी असते आणि खाली तुटून थेंब होतात. हे तोडायचं काम आवाजाचं नाहीच, ते पृष्ठताणाचं, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग आक्रसायला बघतो त्या ओढीचं. धारेवर बारीक फुगवटे कायम असतातच, त्यातले जे धारेच्या घेरापेक्षा लांब अंतरावर असतात ते वाढत जातात, बाकीचे विरतात. १८७८ साली रॅले या इंग्रज शास्त्रज्ञाने गणित मांडलं की धारेच्या व्यासाच्या साधारण साडेचारपट लांबीची लाट सगळ्यात फास्ट वाढते. म्हणजे ४ मिमी जाडीची धार सेकंदाला २ मीटर वेगाने पडत असेल तर तिला साधारण ११० हर्ट्झ मानवतो, पुरुषाने खालच्या पट्टीत हुंकार दिला तर येतो तेवढा. १६० च्या वर गेलात की ती दाद देत नाही, कितीही शिट्ट्या मारा.

म्हणजे आवाज धारेला ढकलत नाही हो, तेवढी ताकदच नसते त्याच्यात. तो फक्त तोंडाशी, जिथून पाणी सुटतं तिथं, कुठला फुगवटा वाढवायचा ते ठरवून देतो, पुढचं पृष्ठताण बघून घेतो. फ्रान्सच्या सावार या शास्त्रज्ञाने १८३३ मध्येच बघितलं होतं की योग्य सूर लागला की काचेसारखा भाग आखूड होतो आणि थेंब एकसारखे पडायला लागतात. आणि खाली स्टीलचं ताट ठेवलंत तर त्यावर थेंब पडून होणारा आवाजच परत वर जाऊन धारेला तोडायला लागू शकतो! प्रयोग करायचा तर ताटात फडकं टाका, नाहीतर कुठल्या आवाजाने काय झालं कळणार नाही.

गॅसच्या ज्योतीचंही असंच, फक्त तिथं पृष्ठताण नाही, कडेला भोवरे तयार होतात आणि आवाज त्यांना लय देतो. अमेरिकेत जॉन लेकॉन्ट या शास्त्रज्ञाने १८५८ मध्ये लिहिलं की मैफिलीत चेलो वाजताना गॅसच्या ज्योती तालावर उडत होत्या. पण प्रेशर एवढं हवं की ज्योत फुरफुरायच्या अगदी बेतात असेल, कमी असेल तर ढिम्म.

आणि याचा उपयोग काय म्हणाल तर वेफर्सच्या पाकिटावर ठिपक्या ठिपक्यांनी छापलेली एक्सपायरी डेट आणि एमआरपी बघा. त्यातली बरीचशी छपाई अशीच होते, शाईच्या बारीक धारेमागे एक क्रिस्टल सेकंदाला हजारो वेळा थरथरतो, धार एकसारख्या थेंबांत तुटते, हव्या त्या थेंबांना विजेचा चार्ज देऊन पाकिटावर वळवतात आणि उरलेली शाई मशीनमधल्याच एका नळीतून परत टाकीत जाते.