पावतीच्या मागची ओळ आणि १९ नोव्हेंबर

प्रश्न थोडक्यात असा: एअर इंडियातून निवृत्त झालेल्या पार्ल्याच्या एका वाचकांनी २०१९ मध्ये आपला आयुष्यभराचा संग्रह नाशिकच्या एका लहानशा संग्रहालय-न्यासाकडे प्रदर्शनासाठी दिला. त्यात एअर इंडियाचं बोधचिन्ह असलेल्या महाराजाच्या मूर्ती, पोस्टरं, वेळापत्रकं, मेनूकार्डं आणि पहिल्या उड्डाणांची टपाल-पाकिटं होती. तिथे तो ट्रंकांमध्ये पडून आहे. आता दुसरी एक मोठी संस्था तो नीट जतन करायला तयार आहे, पण जुने विश्वस्त म्हणतात, ‘दिलंत ते दिलंत.’ संग्रह परत मिळेल का?

उत्तर: कुणाची नाणी, कुणाच्या रेकॉर्ड्स, कुणाच्या वडिलांची हस्तलिखितं, अशी पत्रं सतत येतात. तुमच्या पत्रात विश्वस्तांच्या स्वभावाचं वर्णन बरंच आहे. त्याचा उपयोग नाही. उपयोग आहे तो सोबतच्या दोन फोटोंचा.

पहिला फोटो पावतीच्या मागच्या बाजूचा. पुढच्या बाजूला ‘चार ट्रंका साभार स्वीकारल्या’ एवढंच आहे, आणि त्यावर न्यास दानाचा दावा करणार हे उघड आहे. जंगम वस्तूचं दान नुसत्या ताबा देण्यानेही पूर्ण होतं, त्याला नोंदणीकृत बक्षीसपत्र लागतंच असं नाही (मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२, कलम १२३). पण मागे पेनने लिहिलंय, ‘मागितल्यास परत करू’, आणि खाली विश्वस्तांची सही. देणाऱ्याच्या नुसत्या मर्जीवर परत घेता येईल असं दान कलम १२६ मुळे दान म्हणून टिकतच नाही. म्हणजे ही ठेव. मालकी तुमचीच.

इथवर ठीक. आता दुसरा फोटो. १९ नोव्हेंबर २०२३, रविवार, व्हॉट्सअॅपवर विश्वस्तांचा निरोप: ‘वस्तू आता संस्थेच्या आहेत, परत मिळणार नाहीत.’ त्यावर तुमचं उत्तर काय? हात जोडल्याची खूण आणि ‘भेटून बोलू’. पुढे दोन वर्षांहून जास्त काळ तुम्ही भेटून बोलत राहिलात.

ठेवीदाखल दिलेली जंगम वस्तू परत मागण्याची मुदत तीन वर्षं, आणि ती मोजायची मागणीनंतर मिळालेल्या नकारापासून (मुदतीचा कायदा, १९६३, अनुच्छेद ७०). हा निरोप म्हणजे स्वच्छ नकार. तेव्हा दावा १९ नोव्हेंबर २०२६ पर्यंत दाखल व्हायला हवा. ती तारीख हुकली तर दावा तर जाईलच, शिवाय याच कायद्याच्या कलम २७ प्रमाणे वस्तूंवरचा तुमचा हक्कही संपेल. मग पावतीच्या मागच्या ओळीचं काय करायचं, फ्रेम करायची? समोरचा वकील मुदत २०१९ पासूनही मोजू पाहील. मागितल्यावर परत करायच्या वस्तूंना तो हिशेब लावणं त्याला जड जाईल, पण खात्री देत नाही. आज नव्याने मागणी करून घड्याळ पुन्हा सुरू होईल, या भ्रमात राहू नका. नोटिशीने मुदत थांबत नाही, चहापाण्यानेही नाही. मात्र वस्तू तुमच्या असल्याचं पत्र विश्वस्तांनी मुदतीत सही करून दिलं, तर मुदतीच्या कायद्याच्याच कलम १८ खाली नवी मुदत मिळते. नोटीस पाठवताना तेवढं मागून बघा. देतील असं वाटत नाही.

पोलिसात जायचा विचार सोडा. ‘ही दिवाणी बाब आहे’ हे वाक्य ऐकण्यासाठी अर्धा दिवस घालवाल.

दाव्याबरोबरच दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९, नियम ७ खाली अर्ज करा आणि ट्रंका उघडून यादी करायला कोर्ट कमिशनर, म्हणजे कोर्टाने नेमलेला माणूस, मागा. हे पहिल्या दिवशीच करायचं, कारण मूळ दावा चालायला किती वर्षं लागतील ते नाशिकच्या कोर्टातली तारखांची यादी बघितलीत तर कळेल. आणि दुसरं कारण, तुमच्याकडे यादीच नाही! ‘चार ट्रंका’ ही काय यादी झाली? साल्वादोर दालीने १९६७ मध्ये एअर इंडियासाठी रेखाटलेली चिनी मातीची अॅश-ट्रे त्यांत होती, असं तुम्ही लिहिता. ती आज ट्रंकेत नसेल तर होती हे सिद्ध कसं करणार? घरातले जुने फोटो शोधा, अगदी दिवाळीच्या फोटोत मागे कपाट दिसत असलं तरी चालेल. प्रत्येक वस्तूची किंमतही लिहून काढा. वस्तू मिळाल्या नाहीत तर बदल्यात किती रक्कम, हेही हुकूमनाम्यात लागतं. ज्या फोनवर निरोप आला तो विकू नका. व्हॉट्सअॅपचा निरोप पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडावं लागेल.

समोरून एक फाटा फुटेल: ‘या वस्तू मुळात कंपनीच्या.’ वेळापत्रकं, पोस्टरं, ८ जून १९४८ च्या मुंबई–लंडन पहिल्या उड्डाणाचं पाकीट, यांची चिंता नको. महाराजाचा छाप असलेले चमचे, गणवेशाची बटणं यांचं वेगळं आहे. निवृत्तीची भेट किंवा भंगार-लिलावाची पावती असेल तर काढून ठेवा. २७ जानेवारी २०२२ ला कंपनी टाटांकडे गेली, त्याने तुमच्या मालकीत काही फरक पडत नाही. पुरावशेष (प्राचीन वस्तूंच्या) कायद्याचंही विचारलंत. तो लागू व्हायला वस्तू साधारणपणे शंभर वर्षं जुनी लागते. एअर इंडियाची सुरुवात ज्यातून झाली ते टाटांचं पहिलं टपाल-विमानच जुहूला उतरलं १५ ऑक्टोबर १९३२ ला. तुमच्याकडे १९११ च्या अलाहाबाद–नैनी उड्डाणाचं टपाल असतं तर वेगळा विचार करावा लागला असता.

नव्या संस्थेला आत्ता फक्त एवढंच कळवा की वाद मिटल्यावर बोलू. नंतर मात्र दानलेख करा: वस्तुनिहाय यादी, फोटो, आणि संस्था बंद पडली तर संग्रह कुणाकडे जाईल त्याचं नाव. दान तुमच्या हयातीतच स्वीकारलं गेलं पाहिजे (मालमत्ता हस्तांतरण कायदा, कलम १२२). तुमचं वय आणि कोर्टाचा वेग बघता मृत्युपत्रातही या संग्रहाचा स्वतंत्र परिच्छेद घाला, म्हणजे न्यू जर्सीतल्या मुलांना पुन्हा मला पत्र लिहावं लागणार नाही.

देणगीवरची आयकर-सवलत (८०जी म्हणून ओळखली जाणारी) वस्तुरूप दानाला मिळत नाही.