‘आम्ही ठरवलं’ असं म्हण

तुझा रात्रीचा मेसेज सकाळी वाचला. तुमच्या आजारी कुत्रीला, चिंगीला, औषध देऊन मरण दिलंत, त्याबद्दल आठ ओळींत तीन वेळा लिहिलं आहेस, ‘डॉक्टर म्हणाले म्हणून’. मी तिथेच अडले.

चिंगी किती गुणी होती ते मी तुला सांगत बसत नाही. तिचं ओलं नाक माझ्याही घोट्याला आठवतं. तू जे विचारलंस त्यावर बोलू.

तिचे डोळे उघडेच राहिले, थोड्या वेळाने तिने एक मोठा श्वास घेतला, मग तेव्हा तिला कळत होतं का? नाही. ते औषध मुळात भुलीच्या जातीचंच, पेंटोबार्बिटल. मात्रा मात्र खूप जास्त. आधी शुद्ध जाते, मग श्वास थांबतो, मग हृदय. कुत्र्याचे डोळे मरताना आपोआप मिटत नाहीत. आणि मागाहून येतो तो श्वास स्नायूंचा झटका असतो, त्यात चिंगी नव्हती. हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. न सांगता तुला तिथे उभं केलं, याचा मला अजून राग येतोय.

‘आधी का कळलं नाही’ याचंही तेच. किडनीचं जवळजवळ तीन चतुर्थांश काम बंद पडेपर्यंत रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बाहेर टाकते तो कचरा, सहसा वाढत नाही, आणि कुत्रं दुखणं अंगावर काढतं. ती पाणी जास्त पिते म्हणून तू मोठं वाडगं आणलंस. यात गुन्हा कुठे आहे?

आता ‘आम्ही घाई केली का?’ केली असेल, चार-आठ दिवसांची. बरं मग?

मोत्याच्या वेळी मी घाई केली नाही. त्यालाही किडनीचंच होतं. डॉक्टरांनी दोनदा विचारलं, मी दोनदा ‘बघू’ म्हटलं. एकोणीस दिवस बघितलं. शेवटी तो भिंतीकडे तोंड करून पडायचा, हाक मारली तर कानही हलवायचा नाही. एका पहाटे गेला. मी सगळ्यांना सांगितलं, झोपेत गेला, आपणहून गेला. झोपेत नव्हता गेला. मी शेजारच्या खोलीत जागी होते, मला ऐकू येत होतं.

‘बघू’ हासुद्धा निर्णयच होता आणि तो मीच घेतला होता. हे स्वतःशी कबूल करायला मला अकरा वर्षं लागली. म्हणून तुझ्यामागे लागले आहे. म्हण, ‘आम्ही ठरवलं.’ डॉक्टरांनी सल्ला दिला, रिपोर्ट दाखवले. होकार घरातून गेला. ‘तिची वेळ भरली होती’ असंही म्हणू नकोस. वेळ तुम्ही ठरवलीत, तिचे हाल बघवेनात म्हणून ठरवलीत. ते डॉक्टरांच्या गळ्यात टाकलंस तर आज हलकं वाटेल, पण मग तिच्यासाठी केलेली सगळ्यांत अवघड गोष्ट तुझी राहणार नाही.

माझी बाजू सांगायची तर तेव्हा घरात दुसरंही आजारपण होतं. एकाच महिन्यात दोन दोन... असो. पत्र तुला लिहायला घेतलं आणि वकिली स्वतःची चाललीय!

‘कुत्रंच तर होतं’ म्हणणारे भेटतील. त्यांच्याशी वाद घालू नकोस. जर्मनीत बॉनजवळ 1914 साली सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलं. एक पुरुष, एक बाई आणि सात-एक महिन्यांचं पिल्लू. दातांवरच्या खुणांवरून अभ्यासक म्हणतात, त्याला डिस्टेंपर, म्हणजे कुत्र्यांचा एक जीवघेणा संसर्ग, झाला असावा, आणि माणसांनी काळजी घेतल्याशिवाय ते त्यात इतके दिवस तगलं नसतं. शिकारीला निरुपयोगी, आजारी पिल्लू. त्याच्या उशाशी बसणाऱ्यालाही कुणीतरी हेच म्हटलं असेल.

आणखी एक. धाकट्याला ‘तिला झोपवलं’ असं सांगितलंत म्हणे. रात्री तो झोपायला तयार नाही, यात नवल काय? त्याला नीट सांग, की चिंगी मेली. खूप आजारी होती, बरी होणार नव्हती, तिला दुखू नये म्हणून औषध द्यायचं आम्ही ठरवलं. आपल्याला बरं नसताना देतात ते औषध वेगळं, हेही सांग. तो रडेल. रडू दे. आई रागावली तर माझं नाव सांग.

तुझी आई म्हणाली, शेवटपर्यंत तुझा हात चिंगीच्या कानामागे होता. आणि तू मला विचारतेयस की चुकलं का! माझ्या आणि मोत्याच्या मध्ये एक दार होतं, तेही लोटलेलं.

रविवारी ये. वाडगं धुवायचं की तसंच ठेवायचं असं विचारलं आहेस, ते मी सांगणार नाही. ते तुझं तू ठरव.