मानधनाचं आधी विचार, आणि काकांच्या दुकानावर लिही

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचला, सोबतचे लेखही वाचले. भाषा चांगली आहे तुझी. तू विचारलंयस की मराठीत फ्रीलान्स लिहून पैसे मिळतात का आणि कुठे मिळतात. मिळतात रे, पण तू जे पाठवलंयस त्याचे मिळणार नाहीत, आणि का मिळणार नाहीत ते आधी नीट समजून घे कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

'वाचनसंस्कृती लोप पावतेय', 'पहिला पाऊस', असले लेख पुरवणीच्या इनबॉक्समध्ये रोज येऊन पडतात, फुकट येतात, आणि त्यातले बरेच छान लिहिलेले असतात. मग संपादक त्यासाठी पैसे कशाला मोजेल? तो पैसे मोजतो ते ऑफिसात बसून मिळणार नाही अशा माहितीला. तुझ्या मेसेजमध्ये शेवटी एक ओळ होती, की सध्या घर काकांच्या पैशांवर चाललंय आणि काकांचं कोइमतूरला गलाईचं दुकान आहे. मी ती ओळ वाचून थांबले. अरे, विटा, खानापूर, आटपाडी ह्या सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या देशभर जाऊन सोनं-चांदी गाळतायत, सराफाच्या पेठेत पार दक्षिणेपर्यंत ह्यांच्या भट्ट्या आहेत, आणि तू त्या घरातला मुलगा असून पावसावर लिहितोयस. टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, काढायची मशिनं आल्यावर धंद्यात काय बदललं, पोरं अजून जातात का, टेंभू सिंचन योजनेचं पाणी आल्यावर कुणी गावी परत येऊन डाळिंब लावली का, तिकडे जन्मलेली मुलं कोणत्या भाषेत शिकतात... हे तू फोनवर तासाभरात विचारू शकतोस, मुंबई-पुण्याच्या डेस्कवरच्या माणसाला त्यासाठी महिना लागेल. ह्याला मागणी आहे.

आता पाठवायचं कसं. पूर्ण लेख लिहून दहा ठिकाणी एकदम पाठवू नकोस, ते संपादकांना कळतं आणि ते चिडतात. आधी पुरवणी वाच, म्हणजे लोकसत्ताची लोकरंग किंवा चतुरंग, सकाळची सप्तरंग, जी कुठली असेल ती, तिचे दोन महिन्यांचे अंक काढून बघ की बाहेरच्या लेखकांचे लेख कुठल्या पानावर येतात, साधारण किती शब्दांचे असतात, ह्या विषयावर आधी काही येऊन गेलंय का. मग छोटा मेल. मी तुझ्या जागी असते तर असा लिहिला असता:

"नमस्कार, मी विट्याजवळ राहतो. आमच्या भागातले गलाई व्यावसायिक टंच मशीन आल्यानंतर काय करतायत ह्यावर ९०० शब्दांचा लेख देऊ शकतो. तीन पिढ्यांतल्या लोकांशी बोललोय, दुकानाचे फोटो आहेत. लेख अप्रकाशित आहे, दुसरीकडे पाठवलेला नाही. मानधन किती आणि साधारण कधी मिळतं ते कळवाल का?"

बस. बोललोय असं लिहायचं तर आधी खरंच बोलून घे. आणि शेवटचं वाक्य काढून टाकू नकोस, मला माहितीये तुझा हात तिथे अडखळणार. आपल्याकडे लिहिणाऱ्याने पैशाचं विचारणं म्हणजे जरा हावरटपणा वाटतो, त्यामुळे लोक वर्षानुवर्षं 'अंक पाठवतो' ह्या आश्वासनावर लिहीत राहतात. विचारलं म्हणून काम गेलं असं चांगल्या ठिकाणी होत नाही. डेस्कवरचा उपसंपादक स्वतः पगारावर असतो, त्याला प्रश्न कळतो. उत्तर 'आमच्याकडे मानधनाची पद्धत नाही' असं आलं तर तेही बरंच झालं, निदान कळलं. फुकट द्यायचं की नाही ते मग तू ठरव, पण ठरवून दे.

दिवाळी अंकांचं गणित वेगळं. १९०९ ला 'मनोरंजन'ने सुरू केलेली ही पद्धत अजून टिकून आहे, आणि तीन-चार हजार शब्दांचा मोठा रिपोर्ताज छापणारी जागा मराठीत मुख्यतः हीच राहिलीये. पण लोक गणपती झाल्यावर जागे होतात, तोवर चांगल्या अंकांची पानं भरलेली असतात. मे-जूनमध्ये विषय सुचवायचा. आणि जो अंक तुलाच जाहिरात आणायला सांगेल किंवा तुझ्या गळ्यात प्रती मारेल, त्याच्या वाटेला जाऊ नकोस.

तालुक्याचा वार्ताहर हो, असंही कुणीतरी सांगेल. ओळखी होतात, खरंय, पण बऱ्याच ठिकाणी खरी कमाई बातमीची नसून जाहिरातीच्या कमिशनची असते आणि मग नेत्यांच्या वाढदिवसाला जाहिराती गोळा करत फिरावं लागतं. मला तू त्यात अडकलेला बघवणार नाही. त्यापेक्षा आकाशवाणी सांगलीला विषय सुचव, तिथे करार सही करून भाषणाचे पैसे रीतसर मिळतात. डाळिंबवाल्यांची माहिती मिळाली तर अॅग्रोवन आहे, शेतीला वाहिलेलं दैनिक, तिथे शेतकऱ्याचा खर्च आणि उत्पन्न आकड्यांत मांडता आलं पाहिजे, नुसतं 'यशोगाथा' म्हणून चालत नाही. आणि भाषांतराला नाही म्हणू नकोस, नुसत्या लेखांवर घर चालत नाही, मराठीत लिहिणारी माझ्या ओळखीची बहुतेक मंडळी भाषांतर, सबटायटल, स्क्रिप्ट असं काहीतरी जोडीला करतातच.

कागदपत्रांचं थोडक्यात. मजकूर युनिकोडमध्येच पाठव. पॅन आणि बँक डिटेल्स तयार ठेव, १० टक्के टीडीएस कापून आला तर घाबरू नकोस, उत्पन्न करपात्र नसेल तर रिटर्न भरून तो परत मिळतो. 'सर्व हक्क आमचे' असा कागद आला तर वाचून मगच सही कर. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क द्यायचे तर लेखी द्यावे लागतात आणि त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. म्हणजे एकदा छापू दिलं म्हणून लेख कायमचा त्यांचा होत नाही, पुढेमागे पुस्तक करायचं झालं तर हे उपयोगी पडेल. पैसे ठरल्या वेळेत नाही आले तर महिन्याने एक साधा मेल, मग फोन, आवाज न चढवता.

आधी काकांशी बोल. आणि त्यांचं नाव, दुकानाचा पत्ता, फोटो छापलेलं चालेल का ते स्पष्ट विचारून घे. धंदा सोन्याचा आहे, त्यांना नको असेल तर नाव बदल आणि तसं लेखात लिही, संपादकालाही आधी सांग. मेलचा कच्चा खर्डा ह्या आठवड्यात मला पाठव, मी बघून देते.

तुझी,
ताई