व्यसनमुक्तीचे उपचार घेऊन कामावर परत आलेल्या माणसाला कंपनीने कसं सांभाळून घ्यावं?

आधी एक करा, तो कुठे होता हे अख्ख्या ऑफिसला कळू देऊ नका, एचआर आणि त्याचा साहेब एवढ्यांनाच माहीत असलं तरी पुरे. पहिले काही महिने नाईट शिफ्ट टाळा, झोप बिघडली की तलफ उसळते. काउन्सेलिंगला दरवेळी सुट्टी मागायला लावू नका, रोस्टरमध्येच ती वेळ मोकळी ठेवा. आणि ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन (अफू-हेरॉइनसारख्या नशेची तलफ आवरायला देतात ती औषधं) चालू असेल तर "हीपण नशाच की" असलं कुणी बोलायचं नाही, ते डॉक्टरांनी दिलेलं औषध आहे, मशीनवर काम असेल तर डॉक्टरांकडून फिटनेस सर्टिफिकेट घ्या, बस. टीमची पार्टी बिनदारूची केली तर काय बिघडतं? पुन्हा घसरला तर रजा किती, फोन कुणाला, हे मात्र कंपनीने आणि त्याने मिळून बसून आधीच लिहून ठेवा.