ते ठरवायचं काम तुझं नाही

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. आधी दया आली, मग राग आला. दोन्ही खरं आहे, म्हणून दोन्ही सांगतोय.

पुण्यात शिकत असताना तू स्पर्म बँकेत सॅम्पल दिलंस. आता लग्न ठरलंय, मुलगी इचलकरंजीची, सुपारी फुटली, आणि तुझी झोप उडाली. 'सर, माझं मूल कुठंतरी वाढत असेल. मी त्याचा कोण?' असं विचारतोस, आणि पुढच्याच ओळीत, 'मी तर नुसतं सॅम्पल दिलं, माझा काय संबंध?' घडीत बाप, घडीत कोणीच नाही. अरे लेका, तुला विचारलंय कोणी? तू त्याचा कोण, हे ते मूल ठरवेल. तू नाहीस, त्याचे आईबापही नाहीत.

कायद्याचं आधी उरकतो. २०२१ चा एआरटी कायदा, म्हणजे कृत्रिम गर्भधारणेच्या उपचारांचा कायदा, २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. तू दिलंस ते त्यानंतर. त्यात दात्याचं वय २१ ते ५५. एका दात्याचं वीर्य बँकेला एकाच जोडप्याला देता येतं, त्यामुळे 'माझी किती मुलं असतील' हा हिशेब बंद कर. होणारं मूल त्या जोडप्याचंच, आणि दाता पालक म्हणून सगळे हक्क सोडतो. तू सही केलीस तो कागद हाच, वाचला नसशील. सॅम्पल जास्तीत जास्त दहा वर्षं ठेवता येतं. म्हणजे तुझ्या सॅम्पलची नळी अजून उणे १९६ अंशांच्या नायट्रोजनमध्ये पडून असेल, आणि तू जिच्यासाठी रात्री जागतोयस ती मुलगी जन्मालाच आली नसेल. (मुलगी हे तूच ठरवलंयस, मी नाही.)

आता आईबापांकडून बघ, कारण त्यांची बाजू मी टेबलाच्या अलीकडून बघत आलोय. आमच्या लॅबमध्ये डोनरची वही असायची. कोड नंबर, रक्तगट, उंची, रंग, शिक्षण. नाव नाही. नवऱ्याचा रिपोर्ट 'निल', म्हणजे शुक्राणू शून्य, आलेला असायचा. तो माणूस आधी टेबलाची कड नखानं खरवडत बसायचा आणि मग एकच विचारायचा, 'आपल्यातलाच आहे न्हवं?' शुक्राणूला जात विचारणारं आपलं गाव! बायको काही बोलायची नाही. एकदा दिवस गेले की डोनर हा विषयच घरातून हद्दपार. डॉक्टरही तेच शिकवायचे, 'विसरून जा.' गडहिंग्लजकडचा एक ऊसवाला पेढे घेऊन आला होता. म्हणाला, 'पोरगं अगदी माझ्यावर गेलंय, चाल बघा.' पोरगं अजून रांगत होतं. मी हसलो नाही. तो त्याचा बापच होता, त्याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. माझं भांडण त्याच्या बापपणाशी नाहीच. एक माणूस झालाच नाही असं धरून चालायचं, आणि तेही मुलाच्या वतीनं, याच्याशी आहे. ते मुलानं ठरवायचं असतं. आणि ठरवायला त्याला माहीत तर पाहिजे!

यावर सगळे मला म्हणतात, 'सर, हे परदेशात ठीक, कोल्हापुरात कसं चालेल?' मला या वाक्याचा मनस्वी संताप आहे. १७ मार्च १८८४ ला कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि शाहू महाराज झाले. वय नऊ वर्षं. जन्मदाते आबासाहेब घाटगे तेव्हा हयात होते. दरबाराला माहीत, गावाला माहीत, खुद्द पोराला माहीत. दसरा चौकातल्या पुतळ्यासमोर उभं राहून कोणी म्हणतं का, की हे खरे छत्रपती नव्हेत? आणि त्याच १८८४ साली तिकडं अमेरिकेत, फिलाडेल्फियात, डॉ. पॅनकोस्ट यांनी एका व्यापाऱ्याच्या बायकोला क्लोरोफॉर्म देऊन एका मेडिकलच्या विद्यार्थ्याचं वीर्य तिच्या गर्भाशयात सोडलं. तिला पत्ता नाही. नवऱ्याला मागाहून सांगितलं, तोही म्हणाला, तिला कळू देऊ नका. १९०९ मध्ये तेव्हाच्याच एका विद्यार्थ्यानं ते छापलं, म्हणून जगाला कळलं. डॉक्टरांच्या हातून झालेल्या वीर्यदानाची जुन्यातली जुनी नोंद ती ही. आपण ती फिलाडेल्फियाची पद्धत उचलली आणि कागलची सोडली. वर म्हणायचं, आपल्या संस्कृतीत बसत नाही.

दत्तक वेगळं, म्हणशील. हो, वेगळं. दत्तकात नवऱ्याच्या मर्दानगीवर बोट येत नाही. फरक तेवढाच.

स्वीडननं १९८५ पासूनच दात्याची ओळख कळण्याचा हक्क मुलाला दिला. ब्रिटननं १ एप्रिल २००५ नंतरच्या दात्यांसाठी तेच केलं, त्यातली पहिली मुलं २०२३ मध्ये अठरा वर्षांची झाली. तिथंही दात्याला हक्क नाही, पोसायची जबाबदारी नाही, वारसा नाही. मुलानं वाटलं तर शोधायचं, नाही वाटलं तर नाही. दात्यानं जाऊन कडी वाजवायची नाही. आपल्या कायद्यात मुलाला हा हक्क नाही, ही त्याची मोठी उणीव आहे असं माझं मत आहे, आणि ते मी सभांमधून बोलून कित्येकांना कंटाळा आणलाय.

नात्यातलाच दाता घेतला तर बरं नाही का, असंही तू विचारलंयस. एक नवरा धाकट्या भावाला घेऊन आला होता. भाऊ तयार होता, सासूही तयार होती. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २००५ च्या नियमांत नातेवाइकाचं वीर्य चालत नव्हतं, मी नाही म्हटलं, आणि त्यांनी मला दगड म्हटलं. तू म्हणशील, भाऊ असता तर निदान मुलाला माहीत तरी असतं. नसतं रे. घरात सगळ्यांना माहीत असतं, ते मूल सोडून. वाटणीच्या भांडणात कोणीतरी ते तोंडावर मारलं असतं, तेव्हा त्याला कळलं असतं.

मी हे एवढ्या हट्टानं का बोलतो, ते तुला कुणी सांगितलं नसेल. लग्नानंतर माझंच सॅम्पल मी माझ्याच मायक्रोस्कोपखाली घातलं होतं. एकेक फील्ड सरकवत गेलो. काही हलत नव्हतं, हलायला काही नव्हतंच. सेंट्रिफ्यूजला फिरवून तळाचा थेंब बघितला. निल. तुझ्या काकू डोनरला तयार झाल्या. माझी एकच अट होती, मूल झालं तर त्याला कळत्या वयात सांगायचं. त्या म्हणाल्या, सांगायचं असेल तर नको. मी अट सोडली नाही, त्यांनी हट्ट सोडला नाही. आम्हाला मूल नाही. शेजारच्या नातवंडांना त्या लाडू करून देतात तेव्हा मी पेपर वाचत बसतो. एक वाक्य मागं घेतलं असतं तर घर भरलं असतं, हे मला ठाऊक आहे. तरी सांगतो, आज पुन्हा ती वेळ आली तर मी तेच म्हणेन. आपल्याच पोरासमोर आयुष्यभर एक वाक्य गिळून जगणं मला जमलं नसतं. काकूंना हे पटलेलं नाही. तुलाही पटलंच पाहिजे असं नाही, पण मला मूल नाही म्हणून मी बोलतो असं म्हणू नकोस, तसं म्हणणारे खूप झाले.

होणाऱ्या बायकोला सांग. पत्रिका छापायच्या आधी. तिच्या घरच्यांना नको, तिला. ती मोडते म्हणाली तर तो तिचा हक्क.

आता तुझ्या मेसेजची शेवटची ओळ, जी तू सगळ्यात आधी लिहायला हवी होतीस. 'बाबांना डायलिसिस सुरू झालंय, किडनीत गाठी निघाल्या, आनुवंशिक म्हणतात.' पॉलिसिस्टिक किडनी, म्हणजे हाच गाठींचा आजार, मोठ्यांमध्ये निघते ती बहुधा ज्या प्रकारची असते, त्यात बापाकडून प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी. म्हणजे तुला निम्मी, आणि तुझ्यात असेल तर तुझ्यापासून होणाऱ्या प्रत्येक मुलाला निम्मी, मग ते इचलकरंजीच्या मुलीचं असो की त्या अनोळखी जोडप्याचं. बँकेच्या फॉर्मवर तू कुटुंबात आजार नाही असं लिहिलंस, तेव्हा ते खरं होतं. आता नाही. मी कोण, मी कोण करत बसलायस, आणि त्या मुलाला तुझ्याकडून जे आत्ता हवंय ते तुझ्या ध्यानातच नाही.

पोटाची सोनोग्राफी करून घे. काही दिसलं नाही तरी किडनीच्या डॉक्टरला विचार, पुढची जनुकीय तपासणी करायची का ते तो सांगेल. रिपोर्टची वाट न बघता बँकेला लेखी कळव. नळी अजून वापरली नसेल तर ती तिथंच थांबेल, वापरली असेल तर त्या आईबापांपर्यंत निरोप पोचवा असं स्पष्ट लिही. तुझा कोड नंबर, सॅम्पलची तारीख, वडिलांच्या रिपोर्टची झेरॉक्स. पोच घे. फोनवर 'हो हो, नोंद केली' म्हणतील, त्यावर जाऊ नकोस. समक्ष जायला जमत नसेल तर स्पीड पोस्टानं पाठव आणि पावती जपून ठेव. अर्जाचा मसुदा आधी मला पाठव, तुझं लेखी मराठी मला माहीत आहे.

तुझा,
सर