कोकणातल्या घरी मांजर कोंडून ठेवावं की मोकळं सोडावं?

तुम्ही लिहिलंय की मुलुंडच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या दोन मांजरी घेऊन तुम्ही गुहागर तालुक्यातल्या सासरच्या कौलारू घरात कायमच्या राहायला आलात. सासूबाई म्हणतात, मांजराला कोंडणं पाप आहे, ती वाडीत हिंडलीच पाहिजेत, नाहीतर उंदीर कोण धरणार? तुम्हाला त्यांना दाराबाहेर सोडायची भीती वाटते. कुणाचं ऐकावं, असा तुमचा प्रश्न.

माझं घर रत्नागिरीजवळ, सड्याच्या खालच्या अंगाला. घरात मांजर नव्हतं असा काळ मला आठवत नाही. म्हणून स्पष्टच सांगते: दिवेलागणीपासून उजाडेपर्यंत मांजर घरात. मुलुंडची असोत की इथंच माळ्यावर जन्मलेली, याला अपवाद करू नका. दिवसा सोडायचं की नाही, ते तुमच्या गडग्यापलीकडे काय आहे ते बघून ठरवा, आणि दर ऋतूला पुन्हा ठरवा.

रात्रीबद्दल इतका आग्रह का, तर बिबट्या आपल्याकडे गावाच्या कडेनंच वावरतो. कुत्रं, कोंबडी, मांजर, जे सापडेल ते त्याला चालतं. भक्ष्याच्या मागे धावताना विहिरीत पडलेल्या बिबट्याची बातमी तुम्हीही वाचली असेल. पण बिबट्यापेक्षा मला कुत्र्यांची धास्ती जास्त. दिवसा ओट्यावर झोपा काढणारी कुत्री रात्री टोळीनं फिरतात तेव्हा वेगळीच असतात. गावची मांजर कुत्र्याचा नुसता वास आला तरी फणसावर चढते. फ्लॅटमधली मांजर आधी जागच्या जागी गोठते, आणि त्या दोन क्षणांतच सगळं संपतं.

आणि फुरसं. कोकणात राहायचं तर हा साप ओळखायलाच हवा. अंगानं लहान, मातकट रंगाचा, जांभ्या दगडाच्या फटीत नाहीतर पाचोळ्यात दिवसभर पडून राहणारा आणि काळोख पडल्यावर बाहेर निघणारा. डिवचला की अंगाची वळी एकमेकांवर घासून करकर आवाज करतो. हलणाऱ्या वस्तूवर पंजा टाकणं हा मांजराचा स्वभावच, आणि फुरसं क्षणात डसतं. आपल्याकडे मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालतं, पण रात्री अकरा वाजता मांजराला ते टोचणारा डॉक्टर गावात कुठून आणणार? मांजर घरात असेल तर ही वेळ सहसा येत नाही.

आता सासूबाईंचा मुद्दा. त्या उंदरांबद्दल बोलतात ते अगदी खरं आहे, ते उडवून लावू नका. भाताची पोती, सुकी मासळी, उन्हात वाळवून ठेवलेली आमसुलं, सगळ्याचा फडशा उंदीर पाडतात. पावसाळ्यात लेप्टोची भीती असते ती निराळी. पण हे सगळं ठेवलेलं असतं कुठे? घरात, माळ्यावर, कोठीच्या खोलीत. उंदीर फिरतात कधी? रात्री. म्हणजे रात्री घरात असलेली मांजरच सासूबाईंच्या जास्त उपयोगाची. संध्याकाळी माळ्याचा दरवाजा उघडा ठेवा आणि दोघींना वर जाऊ द्या. मुंबईच्या मांजरींना शिकार जमेल का, याची काळजी करू नका. दोघींतली एक तरी शिकतेच. वाडीतली मोठी घूस मात्र कुठलीच मांजर सहसा अंगावर घेत नाही, तेवढं सासूबाईंनाही ठाऊक असेल.

उंदरांच्या औषधाबद्दल मात्र घरात बसून एकदा नीट बोला. झिंक फॉस्फाईड घातलेली भरड असो की नारळाच्या बागेत ठेवतात त्या ब्रोमॅडिओलोनच्या वड्या, मांजर आणि हे विष एका घरात नांदत नाहीत. औषध खाऊन झिंगलेला उंदीर मांजराला सगळ्यात सोपा सापडतो. ब्रोमॅडिओलोननं रक्त गोठायचं थांबतं, त्याची लक्षणं काही दिवसांनी दिसतात आणि के-१ जीवनसत्त्व वेळेत मिळालं तर जनावर वाचू शकतं. झिंक फॉस्फाईडवर उताराच नाही. शेजारच्या वाडीत काय ठेवतात तेही विचारून घ्या, मांजराला गडग्याची हद्द कळत नाही.

दिवसा सोडण्याचा विचार करताना मी पहिल्यांदा रस्ता बघते. घर डांबरी रस्त्याला लागून असेल, आणि सुट्टीत हेदवी-वेळणेश्वरला जाणाऱ्या गाड्या तिथून सुसाट जात असतील, तर मोकळं सोडायचा विषयच बंद करा. घर आत पाखाडीवर असेल तर पुढचं बघू.

पुढचं म्हणजे फवारणी. ही गोष्ट बाहेरून आलेल्यांना कुणी सांगत नाही. हापूसची कलमं आसपास असतील तर पालवी-मोहोरापासून फळं धरेपर्यंत तुडतुड्यांसाठी फवारण्या चालतात. त्यातली डेल्टामेथ्रीन, लॅम्बडा सायहॅलोथ्रीन ही औषधं ज्या जातीची आहेत त्या जातीच्या औषधांना मांजराचं शरीर फार नाजूक असतं, कारण ती लवकर निकामी करण्याची ताकद तिच्या यकृतात कमी. मांजर फवारलेल्या गवतातून येते आणि बसून सगळं अंग चाटून साफ करते, म्हणजे अंगावरचं सगळं पोटात. लाळ गळायला लागली, अंग थरथरायला लागलं, झटके आले तर वाट बघू नका, लगेच डॉक्टरकडे न्या. घरात कुत्रा असेल तर त्याच्या गोचिडांसाठी मानेवर सोडतात त्या थेंबांची चिठ्ठीही वाचा. त्यात पर्मेथ्रीन असेल तर मांजराला ते चुकूनही लावू नका, आणि थेंब लावलेल्या कुत्र्याला चिकटून तिला झोपूही देऊ नका.

रानडुकरांसाठी लावलेल्या फासक्या हा आणखी एक धोका. काजूच्या बागा आणि भाताच्या कडा जिथे रानाला भिडतात तिथे मांजर जाऊच नये.

आणि पाखरं. मला हे मनापासून लिहायचंय, कारण मांजरावर प्रेम करणारी माणसं इथे डोळे मिटून घेतात. पोट भरलेली मांजरही पाखरू मारते. उन्हाळ्यात बुलबुल आपल्या जास्वंदीतच हाताच्या उंचीवर घरटं करतो. पिल्लं घरट्यातून उतरली की नीट उडता येईपर्यंत खालीच, झुडपांत असतात. पहिला पाऊस पडला की नवरंग येतो, पानाकाड्यांचा गोळा करून जमिनीवर नाहीतर अगदी खालच्या फांद्यांवर अंडी घालतो. तिबोटी खंड्या, तो मुठीएवढा रंगीत पक्षी, याच पावसात वहाळाच्या दरडीत बीळ करतो. ही पाखरं आपल्या परसात येतात हे कोकणाचं भाग्य आहे. म्हणून एप्रिलपासून पाऊस संपेपर्यंत मी माझ्या मांजरांना सकाळी मोकळं सोडत नाही. गळ्यात घुंगरू बांधल्यानं थोडा फरक पडतो, पण पिल्लाला घुंगरू ऐकून उडता कुठे येतं? पट्टा बांधलाच तर ओढ बसल्यावर सुटणारा घ्या, नाहीतर फांदीत अडकून गळफास बसतो.

मग तुमच्या दोघींचं काय? माझं मत असं की त्यांना पडवी द्या. पडवीची उघडी बाजू खालपासून वाशांपर्यंत बारीक जाळीनं बंद करा. बंदरावर मच्छीमारांकडे जुनं नायलॉनचं जाळं मिळतं, पण त्याचे डोळे लहान हवेत आणि ते ताणून बसवायला हवं, सैल राहिलं तर नखं अडकतात. आत एक उंच फळी, नारळाच्या सोडणांची दोरी गुंडाळलेला वासा, एक गोणपाट. ऊन, वारा, पावसाचा वास, खारी, सगळं त्यांना तिथे बसून मिळेल. फ्लॅटच्या मानानं हे कितीतरी मोठं जग आहे, आणि त्याला कोंडणं म्हणता येणार नाही. कौलांच्या फटी मात्र आधी तपासा. आपल्या घरात मांजर दारापेक्षा छपरातून जास्त पळते.

तरीही दिवसा परसात न्यायचं असेल तर आधी तीन-चार आठवडे पूर्ण घरात ठेवा, म्हणजे हेच आपलं घर हे त्यांच्या डोक्यात बसेल. मग दुपारी उपाशीपोटी, तुम्ही समोर असताना, थोडा वेळ. संध्याकाळचं जेवण रोज दिवेलागणीला, एकाच भांड्याचा आवाज करून द्या. उकडलेल्या मासळीच्या वासावर दोघी स्वतःहून आत येतील. मासळी उकडूनच द्या, काटे काढून. दूध नाही दिलं तरी चालतं, मोठ्या मांजरांना ते बहुधा पचत नाही.

नसबंदी झाली नसेल तर त्याआधी उंबरा ओलांडू देऊ नका. बाहेर गेलेली मांजर नऊ आठवड्यांत पिल्लं घालते आणि त्या पिल्लांना घर मिळत नाही. रेबीजची आणि तिहेरी लस दरवर्षी. चिपळूण किंवा रत्नागिरीला जाणं होईल तेव्हा हे उरकून घ्या. घरात कुणी गरोदर असेल तर मातीची पेटी दुसऱ्या कुणीतरी आणि रोजच्या रोज साफ करावी. विष्ठेतले टॉक्सोप्लाझ्माचे जंतू बाधक व्हायला किमान एक दिवस लागतो, म्हणून रोजचा नेम महत्त्वाचा.

आणि आजच एक काम करा. शेजारच्या कलमांची फवारणी कोण करतं ते विचारून ठेवा आणि आदल्या दिवशी फोन करायला सांगा. आमच्याकडे तसा फोन येतो, त्या दिवशी आणि पुढचे दोन-तीन दिवस मांजरं पडवीतच असतात.