‘सतर्क राहावे’ हे माडियात कसं सांगायचं?

या वेळच्या टपालात मृगापूर्वीची घाई दिसते. पत्रं बहुतेक कॉलेजातल्या पोरापोरींची आहेत. त्यांनी गावात पूर, वीज, सर्पदंश यांबद्दल दोन भाषांत, म्हणजे मराठीत आणि माडिया, कोरकूसारख्या आदिवासी बोलीत, सांगायला सुरुवात केली आहे आणि अडचण प्रत्येकाची वेगळी आहे. निवडक प्रश्न घेतले आहेत.

आम्ही सहा जणांनी पुराच्या सूचनांचं सरकारी पत्रक मराठीतून माडियात करून घरोघरी वाटलं. लोकांनी मान डोलावली. पण रपट्यावरून (नाल्यावरच्या बुटक्या पुलावरून) पाणी वाहत असताना तेच लोक पलीकडे गेले. भाषांतरात काय चुकलं?
— एटापल्ली तालुका, जि. गडचिरोली

भाषांतर बरोबरच असेल. मुळातला मजकूरच भाषांतर करण्याजोगा नव्हता. ‘नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे व सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे’ या वाक्यात कोणी, कधी, कुठे जायचं आणि काय न्यायचं यातलं काहीच नाही. ‘सतर्क’ राहणारा माणूस नेमकं काय करतो, हे मराठी माणसालाही सांगता येणार नाही. मग माडियात ते कुठून येणार?

पत्रक बाजूला ठेवा आणि तुमच्या गावापुरती तीन वाक्यं करा. उदाहरणार्थ: ‘रपट्यावर पाणी आलं, आज कोणी पलीकडे जायचं नाही.’ ‘नाल्याकाठच्या घरांनी अंधार पडायच्या आत शाळेत यायचं.’ ‘येताना औषधं, रेशनकार्ड, आधार प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणायचं, गुरांची दावी सोडायची.’ शेवटचं विसरू नका. बांधलेली गुरं जागच्या जागी बुडतात, सुटी असली तर उंचावर चढतात.

ही वाक्यं तुम्ही स्वतः माडियात करू नका. दोन वयस्क बायका आणि एखादा गुराखी यांच्यासमोर मराठीत अर्थ सांगा आणि ते कसं बोलतात ते लिहून घ्या. कॉलेजात गेलेल्या मुलांची माडिया अर्धी मराठी झालेली असते, आणि भामरागड-एटापल्लीकडची बोली कोरची-कुरखेड्याकडच्या गोंडीसारखी नाही. दुसऱ्या तालुक्यातून आलेली ध्वनिफीत लोक ऐकतात, पण ती आपल्यासाठी आहे असं त्यांना वाटत नाही.

मग तपासणी. ‘समजलं का?’ असं विचारलं की उत्तर नेहमी ‘हो’च येतं. त्याऐवजी विचारा, ‘आता रपट्यावर पाणी आलं तर तू काय करशील?’ एक म्हातारी, एक गुराखी, एक दहा वर्षांचं पोर, असे वाक्य न ऐकलेले तिघे घ्या. दोघांनी चुकीचं सांगितलं तर वाक्य बदला, माणसं नाही.

आकड्यांचंही तसंच. हवामान खात्याच्या हिशेबात २४ तासांत २०४.४ मिलिमीटरहून जास्त पाऊस ही सर्वांत वरची पायरी. आजीला सांगताना: अंगणात सरळ कडांची बादली ठेवली तर एका दिवसात वीतभर पाणी साचेल. वैनगंगेकाठच्या मुलांनी आणखी एक जपावं. गोसीखुर्द धरणाच्या ३३ दरवाजांतून सोडलेलं पाणी क्युमेकमध्ये सांगतात, तर काही संदेशांत क्युसेक असतं. एक क्युमेक म्हणजे सेकंदाला १,००० लिटर, एक क्युसेक म्हणजे जेमतेम २८ लिटर. शब्द बदलला की पाणी पस्तीसपट कमी-जास्त होतं. गावात आकडा सांगूच नका. मागच्या वेळी एवढ्या विसर्गाला पाणी कोणत्या घराच्या पायरीला लागलं होतं, ते सांगा. भामरागडकडे तर आभाळ कोरडं असतानाही पाणी चढतं, कारण पाऊस वर छत्तीसगडात पडलेला असतो आणि इंद्रावती भरली की पर्लकोटाला पुढे जायला जागा उरत नाही. ‘आपल्याकडे पाऊस नाही म्हणजे पूर नाही’ हा समज आधी काढा.

दुसऱ्या बाजूचं काम बहुतेक जण करतच नाहीत. सूचना ऐकायला माडिया हवी, पण मदत मागायला मराठी लागते. ११२, १०८ किंवा जिल्हा नियंत्रण कक्षाच्या १०७७ वर समोरचा माणूस मराठी-हिंदी बोलणार. तेव्हा गावातल्या दहा-बारा जणांकडून ही पाच वाक्यं मराठीत पाठ करून घ्या: गावाचं नाव, ग्रामपंचायत आणि तालुका, जवळची खूण, काय झालं, किती माणसं. ग्रामपंचायत सांगणं का गरजेचं? एकाच नावाची गावं एका जिल्ह्यातही सापडतात आणि गाडी भलत्याच टोल्यावर (वस्तीवर) जाऊन उभी राहते. आपल्या सिमला रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीचा टॉवर पोचत असेल तर ११२ लागू शकतो, हेही शिकवा.

आणि भोंगा घेतला असेल तर काम झाल्यावर सेल बाहेर काढून ठेवा. आत राहिले की पाझरतात आणि ऐन पुरात भोंगा मुका होतो.

रोवणीच्या दिवसांत बांधीत (भाताच्या शेतात) वीस-पंचवीस बाया असतात. आमच्या गटाने ‘दामिनी’ ॲप दाखवलं, पण शेतात रेंजच नाही. मग शिकवायचं काय?
— अर्जुनी मोरगाव तालुका, जि. गोंदिया

पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं हे ॲप चांगलं आहे. जवळपास वीज पडण्याचा धोका असेल तर ते सावध करतं. पण त्याला नेट लागतं आणि लोकेशन चालू लागतं. रोवणीत मोबाईल धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) पिशवीत, चिखलापासून दूर. तेव्हा मोजणी शिकवा. तिला काही लागत नाही.

वीज चमकली की सावकाश एक, दोन, तीन मोजायचं आणि गडगडाट ऐकू आला की थांबायचं. आवाज एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद घेतो. तीसच्या आत आवाज आला म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, त्याच क्षणी बांधी सोडायची. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत उतरायचं नाही. मोजणी आपल्या बोलीतच करा. घाईत माणूस मातृभाषेतच मोजतो आणि परक्या भाषेतला आकडा चुकतो. सराव वर्गात नको, धुऱ्यावर घ्या: एकीने टॉर्च दाखवायची, दुसरीने ताट वाजवायचं, बाकीच्यांनी मोजायचं.

अडचण पुढे आहे. ‘तीस’ ऐकून बाया मोहाच्या झाडाखाली गोळा होतात. झाडावर पडलेली वीज खोडातून उतरताना शेजारच्या अंगावर उडी घेते, शिवाय मुळांजवळच्या जमिनीत पसरते. उघडी झोपडी, मचाण, ताडपत्रीचा मांडव, ट्रॅक्टर यांतलं काहीच संरक्षण देत नाही. पक्कं घर किंवा काचा बंद असलेली चारचाकी, बस्स. म्हणून शिकवण्याच्या आधी प्रत्येक शेतापासून पक्कं घर किती मिनिटांवर आहे ते चालून मोजा. पंधरा मिनिटं लागत असतील तर ‘तीस’ हा आकडा तुमच्या गावाला पुरत नाही. पहिला गडगडाट ऐकला की निघायचं, एवढंच सांगा.

वाटेतच सापडलात तर पाण्यातून बाहेर, लोखंडी अवजारं खाली, एकमेकींपासून लांब लांब, पाय जुळवून उकिडवं. आडवं झोपायचं नाही. जमिनीतून वाहणाऱ्या विजेला दोन पायांमधलं अंतर जितकं जास्त तितका धक्का मोठा, आणि झोपलेल्या माणसाचं अंतर सर्वांत जास्त. तरी उकिडवं बसणं हा शेवटचा उपाय, सुरक्षित जागा नव्हे. ते पहिलं शिकवलं की लोक पळायचं सोडून बसतात.

वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज उरत नाही, त्याला लगेच हात लावता येतो. काही ठिकाणी शेणात पुरून ठेवतात, त्यात जीव वाचवायची मिनिटं जातात. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाला ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब. थकलात की हात बदला.

रपट्यावर पाण्याची खूण रंगवायची आहे. किती उंचीवर?
— मूल तालुका, जि. चंद्रपूर

दोन पट्टे पुरेत. १५ सेंटिमीटरला पिवळा, ३० सेंटिमीटरला लाल. वाहत्या पाण्यात पंधरा सेंटिमीटरलाच मोठ्या माणसाचा पाय सुटू शकतो, तिसाला लहान गाडी वाहून जायला लागते. पिवळा बुडाला की पायी बंद, मोटारसायकलही बंद. लालची वाट पाहायची नाही, तो फक्त पाणी किती चढलं हे लांबून कळायला. पाण्याखाली रपटा फुटलेला असला तर ते वरून दिसतही नाही.

चूक इथे होते: पट्टा रपट्याच्या टोकाच्या दगडावर, तिथल्याच जमिनीपासून मोजून रंगवतात. टोकाला रस्ता उंच असतो, मधे खोलगट. टोकाला १५ सेंटिमीटर पाणी चढेपर्यंत मधे मांडीपर्यंत आलेलं असतं. मोजणी मधल्या सर्वांत खोल जागेपासून करा. गावच्या गवंड्याकडे लेव्हल पाईप असतो, पारदर्शक नळी. तीत पाणी भरा, बुडबुडा राहू देऊ नका (बुडबुडा असला की दोन टोकांची पातळी जुळत नाही). एक टोक मधे पट्टीला धरा, दुसरं टोकाच्या दगडाला लावा, खूण करा, मग रंगवा. ऑइलपेंट कोरड्या दगडावर दोन हात, वर रेडियमची पट्टी, म्हणजे रात्री टॉर्चच्या उजेडात चमकेल. शेजारी दोन्ही भाषांत एकच ओळ: ‘पिवळा बुडाला, थांबा.’ ग्रामपंचायतीला आधी कळवा. रपटा कोणाचा, यावरून नंतर वाद नको.

कोरकू घरांत साप चावला की आधी भुमकाकडे (गावातल्या मांत्रिकाकडे) नेतात. आम्ही विरोध केला तर आमचंच ऐकणं बंद झालं.
— धारणी तालुका, जि. अमरावती

मग विरोध सोडा, भुमकाला गाडीत बसवा. त्याचा विधी रस्त्यातही होऊ शकतो, पण प्रतिविष दवाखान्यातच मिळतं. त्यालाच कोरकूत सांगू द्या की रोग्याला चालवायचं नाही, पळवायचं नाही. तुमच्यापेक्षा त्याचं जास्त ऐकतील.

बाकीचं तुम्ही करा. अंगठी, जोडवी, कडं लगेच काढा, सूज आल्यावर निघत नाहीत. चावलेला हात किंवा पाय बांबूच्या दोन कामट्यांमध्ये, मोडलेलं हाड बांधतात तसा, बोट आत जाईल इतक्या सैल फडक्याने. दोरी आवळू नका, चिरू नका, चोखू नका. चावल्याची वेळ कागदावर लिहा. साप मारून आणायची गरज नाही. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं. मण्यारचा दंश बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला होतो. दुखत नाही, सुजत नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात. ‘पोटात दुखतंय, डोळे उघडत नाहीत’ हे वाक्य कोरकूत प्रत्येक आईला पाठ हवं, आणि घरात बाज व मच्छरदाणी.

पूर ओसरल्यावर विहिरीत पावडर किती टाकायची?
— देसाईगंज तालुका, जि. गडचिरोली

विहिरीचा व्यास मीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले पाण्याची खोली, गुणिले ७८५. एवढे लिटर. ३ मीटर व्यास आणि ४ मीटर पाणी असेल तर सुमारे २८,००० लिटर. ताजी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर दर हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे ७० ग्रॅम. पुरानंतर दुप्पट, १४० ग्रॅम. पाणी गढूळ असेल तर आधी उपसा. गाळच क्लोरीन खाऊन टाकतो.

पावडर थेट टाकू नका. आधी थोड्या पाण्यात कालवून लगदा करा, मग बादली पाऊण भरा. एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त नको, म्हणजे तुम्हाला दोन बादल्या लागतील. दहा मिनिटं स्थिर ठेवा, वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतून विहिरीत सोडा, खालचा चोथा फेकून द्या. बादली वरखाली करून पाणी ढवळा, तासभर थांबा. जलसुरक्षकाकडे क्लोरीन तपासायचं ओटीचं (ऑर्थोटोलिडीनचं) द्रावण असतं. नमुना पिवळा झाला तर पाणी प्यायला हरकत नाही. रंग आलाच नाही तर पावडर जुनी असेल. उघड्या पोत्यातली महिना-दोन महिन्यांत निकामी होते.

बोलीत सांगताना तिला ‘चुना’ म्हणू नका. दिसते तशीच, आणि चुना घरोघरी असतो. ‘विहिरीची पावडर’ म्हणा.